तिसरा रिले

साहेब,

तुम्ही गेल्यावर तुमच्या खुर्चीवर मी बसले आणि त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. आता निगडीच्या घरात दुपारी निवांत असते, तेव्हा तुमच्याशी बोलावंसं वाटतं. बाहेरच्या देशांनी सामान द्यायचं थांबवलं आणि अणुवीज केंद्राची पॅनेलं चिंचवडला आपल्या कारखान्यात बनू लागली, ते सत्तरच्या दशकातले दिवस. विजेचं, नियंत्रणाचं आणि मोजणीच्या उपकरणांचं सगळं काम तुमच्या हाताखाली, आणि तुमच्या टीममध्ये मी एकटी बाई. पहिल्याच आठवड्यात माझं सर्किट दाखवून मी म्हणाले होते, साहेब, हे नक्की चालेल. तुम्ही कागदावरून मान वर न करता म्हणालात, "चालेल हे सगळेच सांगतात. बिघडल्यावर ते काय करेल, ते सांगा." मी कागद घेऊन जागेवर परतले. संध्याकाळी बसमध्ये रडू आवरलं नाही, पण त्यानंतर कुठलंही यंत्र मी पूर्वीसारखं पाहू शकले नाही.

अणुभट्टीचं तापमान हद्दीबाहेर गेलं तर ती आपोआप बंद पाडायची, हे आपल्या पॅनेलचं काम. एकच तापमान तीन उपकरणं वेगवेगळी मोजणार, प्रत्येकाच्या मागे एक रिले, म्हणजे वीज आहे तोवर ओढून धरलेला आणि वीज तुटताच पडणारा खटका. तापमानाने हद्द ओलांडताच उपकरण आपल्या रिलेची वीज तोडणार, आणि तिघांतले कुठलेही दोन पडले की भट्टी बंद. मुठीत मावेल एवढी ती वस्तू, आणि तिच्या भरवशावर एवढी प्रचंड आग. मला त्याचं तेव्हा भय वाटायचं, आणि हात जोडावेसेही वाटायचे.

पॅनेल रवाना व्हायचा तो दिवस. उन्हाळ्याची दुपार आहे, गेटवर ट्रक उभा आहे, मॅनेजर नारळ घेऊन आले आहेत. तुम्ही शेवटची चाचणी म्हणून मेन स्विच ओढता. खट, खट, आणि तिसरा किंचित मागाहून, जड. तुम्ही परत चाचणी घेता, तर तिन्ही एकदम. मी बोलून जाते की तिसरा मघाशी उशिरा पडला. पॅनेलचं वायरिंग करणारे मोशीचे मामा मला समजावतात, "न्हाई वो बाई, समदे एकदमच पडले. म्या हितंच हुबा हाय." मॅनेजर हसून म्हणतात की समजा अडकला एखादा, तरी दोन पुरेसे आहेत, त्यासाठीच तर तीन बसवलेत. तुम्ही फक्त माझ्याकडे वळलात.

"तुम्ही ऐकलंत?"

"हो साहेब. पण एकदाच."

"एकदा पुरे आहे," तुम्ही म्हणालात, आणि ट्रक परत पाठवायला सांगितलंत. मॅनेजर संतापून गेले. वरपर्यंत तक्रार झाली, तुमची बढती अडली, हे आम्हाला पुढे कळलं. तुम्ही माझ्याशी त्याबद्दल अवाक्षरही बोलला नाहीत. पॅनेल तसंच चालू ठेवून तुम्ही रोज तपासत राहिलात. कित्येक दिवस काहीच निघालं नाही, कॅन्टीनमध्ये माझ्या कानांवर विनोद होऊ लागले. मग एका सकाळी स्विच ओढला आणि तिसरा रिले पडलाच नाही. उघडला, तर गुंडाळीवरचं वार्निश सततच्या उष्णतेने पाझरून खटक्यावर चिकट थर जमला होता. तुम्ही उरलेले दोन उघडायला लावलेत. त्यांच्यातही तोच थर धरू लागला होता. तिन्ही एकाच कारखान्याचे, एकाच खेपेचे. मामांनी कपाळाचा घाम पुसला. "समदंच गेलं असतं की वो," ते हळूच म्हणाले. तुम्ही त्या चिकट थरावरून बोट फिरवलंत, आणि शांतपणे म्हणालात की यापुढे तिन्ही रिले तीन ठिकाणांहून येतील.

पुढे केंद्रावर पॅनेल जोडलं गेलं, तेव्हा तुम्ही मला सोबत नेलंत. कंट्रोल रूममध्ये आपण चिंचवडला बसवलेले दिवे एकेक करून लागत गेले. भिंतीपलीकडे भट्टी होती. आवाज नाही, धूर नाही, फक्त काटे हळूहळू वर चढत होते. इतकं मोठं काही इतकं गप्प असू शकतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तुम्ही हात मागे बांधून उभे होता, देवळात उभं राहावं तसे.

हे पत्र घडी करून मी कपाटात ठेवणार आहे. एक मात्र सांगायचं राहिलं. यंत्रांच्या भागात जाताना बुटांवर नाडीच्या कापडी पिशव्या चढवाव्या लागत, आणि मी तुमच्यासमोर खाली वाकले होते. तुम्हाला वाटलं असेल, नाडी बांधतेय. मी तुमच्या पाया पडायला वाकले होते, साहेब. एवढ्या माणसांत धीर झाला नाही, म्हणून माझी बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली.