मयत आईच्या संमतीबाबत

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
मुळाकाठ शिक्षण मंडळ,
पौड, ता. मुळशी, जि. पुणे

अर्जदार : कु. आबेदा बाबालाल तांबोळी, ग्रंथपाल, मंडळाचे माध्यमिक विद्यालय, पौड

विषय : वजन कमी करण्यासाठी पूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेवर करावयाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा प्रकार निश्चित करणे, व त्यासाठी मयत आईची संमती सादर करण्याच्या अटीतून सूट मिळणेबाबत

संदर्भ : आपल्या कार्यालयाची दि. २७ जानेवारी, ५ मार्च व २ एप्रिल १९८४ ची पत्रे

महोदय,

१. बुधवार, दि. ८ फेब्रुवारी रोजी अर्जदार शाळेतून नेहमीच्या वेळी घरी आली, तेव्हा तिची आई शाहजादी बाबालाल तांबोळी ही दुकानाच्या पायरीवर विड्याची पाने उलथीत बसली होती. पानांचा धंदा असलेल्या घरात हे काम रोज संध्याकाळी करावेच लागते. एक सडके पान आत राहिले तर सकाळपर्यंत शेजारची नासवून ठेवते. शेजारच्या सगुणाबाई गप्पांना येऊन बसल्या होत्या. अर्जदाराने आपल्या कार्यालयाचे २७ जानेवारीचे पत्र आईला वाचून दाखविले. "शस्त्रक्रियेचा एकच प्रकार निश्चित करून कळवावा" हे वाक्य आईने पुन्हा एकदा वाचायला लावले आणि म्हणाली, "त्या सायबाला म्हणावं, तुझ्या पोटात काय हाय ते आमी कंदी इचारलं का?" त्यावर सगुणाबाई म्हणाल्या, "इचारू नगं गं बाई, त्यो सांगत बसंल." दोघी डोळ्यांना पदर लावून हसल्या. हे येथे अवमानाच्या हेतूने लिहिलेले नाही. आईचे ते शेवटचे हसणे होते, म्हणून लिहिले आहे.

त्या रात्री आईने सुनेला, म्हणजे अर्जदाराची भावजय फहमिदा हिला, सांगितले, "मला आज खारं वांगं खावंसं वाटाया लागलंय." वांगे झाले. आईने दोन घास घेतले आणि ताट अर्जदाराकडे सरकवले, "मला न्हाई जात. तू बघ." अर्जदारानेही दोन घास घेतले व पोट भरले म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे आई नमाजासाठी उठली आणि मोरीच्या उंबऱ्यात कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सर्व संपले होते.

२. फाईल आपणापुढे नव्याने येत असल्यास पूर्वपीठिका अशी आहे. अर्जदार १९७६ साली मंडळाच्या सेवेत लागली तेव्हा तिचे वजन एकशे आठ किलो होते. कायम करण्यापूर्वी मंडळाच्या डॉक्टरांनी शरीरपात्रतेचा दाखला नाकारला. ग्रंथालयाच्या शिडीस हे वजन पेलणार नाही, असा त्यांचा शेरा होता. शिडी बदलता येईल हे त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही, अर्जदाराच्याही नाही. वडील हयात नव्हते. आईच तिला घेऊन मुंबईला गेली. तेथे परदेशात शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वाटेतून काढून पोटातच बाजूला ठेवला व उरलेली टोके जोडली. अन्न आत जाते पण अंगी लागण्याआधीच बाहेर पडते, एवढीच त्यातली युक्ती. वर्ष-दीड वर्षात वजन जवळपास निम्म्यावर आले. दाखला मिळाला, अर्जदार कायम झाली, शाळेत पेढे वाटले गेले. ते तिने खाल्ले नाहीत.

३. पुढील आठ वर्षांचा तपशील एका स्त्रीने कार्यालयास लिहावा असा नाही. एवढे पुरे की, ग्रंथालयाची खोली अर्जदाराने मागून घेतली ती उजेडासाठी नव्हे, संडास जवळ असल्यासाठी. पुण्याला जाणारी एसटी पकडायची असेल तर ती आदल्या संध्याकाळपासून काही खात नाही. सांधे सुजतात. मूत्रपिंडात खडे होतात. दिवेलागणीनंतर पुस्तकांच्या पाठीवरची अक्षरे दिसत नाहीत. गेल्या दिवाळीनंतर पुण्यातील डॉक्टरांनी रक्त तपासले आणि यकृताला इजा पोहोचू लागली आहे, आतडे असेच ठेवले तर पुढच्या वर्षाची हमी देता येत नाही, असे स्पष्ट सांगितले.

४. त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला असा की, बाजूला ठेवलेले आतडे पुन्हा मूळ जागी जोडायचे. अन्न अंगी लागेल, खडे व सूज थांबेल, यकृत सावरेल. वजन मात्र हळूहळू पूर्वीइतके होईल. दुसरा असा की, आतडे जोडायचेच, पण त्याच वेळी पोटावर टाके घालून त्याची एवढीशी पिशवी करून ठेवायची. वजन वाढणार नाही. माणूस आयुष्यभर वाटीभर खाईल. वाटीच्या वर गेला तर अन्न उलटेल. अर्जदाराने विचारले, आपण काय कराल? डॉक्टर म्हणाले, "दोन्ही करता येतात. पोट तुमचं आहे, तुम्ही ठरवा." अर्जदाराने आजवर पुष्कळ वाचले आहे. आपल्या पोटाबद्दल असे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकले.

५. रजेसाठी अर्ज केला असता आपल्या कार्यालयाने प्रकार कळविण्यास सांगितले. तो कळविण्यापूर्वी दोन्ही प्रकारांबाबत तोंडी विचारणा केली. उत्तर असे मिळाले की, दुसरा प्रकार ही नवी शस्त्रक्रिया असल्याने वैद्यकीय रजा तात्काळ मिळेल. पहिल्या प्रकारात शरीर पूर्ववत केले जाते, आणि पूर्ववत करणे म्हणजे उपचार नव्हे, सबब रजा देता येणार नाही. शिवाय वजन पूर्वीच्या आकड्यावर गेल्यास पात्रतेचा दाखला आपोआप रद्द समजला जाईल. म्हणजे बरे व्हायचे तर नोकरी सोडायची आणि नोकरी ठेवायची तर वाटीभर अन्नावर जगायचे. दोन्हीपैकी काहीही निवडले तरी सेवेत लागताना लिहून दिलेल्या १९७६ च्या बंधपत्रावर जामीनदार म्हणून अंगठा देणाऱ्या व्यक्तीची, म्हणजे आईची, संमती हवी.

६. आईच्या मृत्यूची खबर अर्जदाराने लगेच दिली होती. दि. ५ मार्चच्या पत्रात प्रथम दुखवटा आहे आणि त्याच परिच्छेदात "जामीनदारांची संमती पंधरा दिवसांत सादर करावी" असेही आहे. अर्जदार कार्यालयात गेली. लिपिक श्री. वाल्मीक हे सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले. म्हणाले, "बाई, फायलीत तुमच्या आई जिवंत हायेत. ग्रामपंचायतीचा दाखला लावा, मंग जातील." दाखला लावला. त्यानंतर दि. २ एप्रिलचे पत्र आले. जामीनदार मयत असल्यास हयातीत त्यांची इच्छा काय होती याबाबत दोन साक्षीदारांचे कथन घ्यावे, आणि त्या इच्छेप्रमाणेच प्रकार निश्चित करावा, असे त्यात आहे.

७. हे पत्र येण्यापूर्वीच आईची इच्छा काय होती हा प्रश्न घरात एकदा निघाला होता. चाळीसाव्याच्या फातेहाला मयताच्या आवडीचा पदार्थ करून ठेवायची आमच्यात रीत आहे. मामा चाँदभाई चांद्याहून आले होते. ते म्हणाले, "आक्काला खारं वांगं लई आवडायचं, तेच करा." फहमिदा म्हणाली, "मामू, खाल्लं कुटं त्यांनी? मागायच्या तेवढ्या." कोणी डाळगोश्त म्हणाले, कोणी गुळाची पोळी, कोणी तळलेले बोंबील. प्रत्येकाला आईने तो पदार्थ मागितल्याचे आठवत होते. तो खाल्ल्याचे कोणालाच आठवेना. भाऊ सिराज म्हणाला, "ही समदी आबेदाच्या आवडीची नावं हायेत."

ते खरे होते. शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यात अर्जदारास तांदळाची पेज सुरू झाली, त्या दिवसापासून आईही पेजेवर राहिली. कोणी विचारले तर म्हणे, "माझं वय झालं, जड न्हाई पचत." अधूनमधून स्वतःच्या नावाने एखादा पदार्थ करवून घेई, दोन घास घेई आणि ताट सरकवी. अर्जदार तिच्याहून जास्त खात नसे, कारण आई उपाशी असताना आपण भरल्या ताटावर बसावे असे तिला कधी वाटले नाही. घरात दोन बायका एकमेकींसाठी अर्धपोटी राहत होत्या, आणि फहमिदा बिचारी आपल्याच हाताला चव नाही म्हणून रडायची. आईला खरोखर काय आवडत होते, हे तिच्या फातेहाला घरातल्या कोणालाही सांगता आले नाही. शेवटी साधा मलिदा केला.

८. आता साक्षीदारांविषयी. सगुणाबाई कोंडिबा मारणे व सिराज बाबालाल तांबोळी असे दोन साक्षीदार उपलब्ध आहेत. दोघेही सत्यवचनी आहेत. सगुणाबाईंनी सांगितले, "शाहजादी मला म्हणाली, दुसरंच करू दे. पोरीला बारीकच ऱ्हायचंय. आठ वरसं एवढं सोसलं ते कशापायी? परत जाड झाली तर मन मोडंल तिचं." सिराजलाही आईने हेच सांगितले होते. श्री. वाल्मीक यांना हे कळताच ते आनंदाने म्हणाले, "झालं की मंग! दोन साक्षी, एक मत. आठवड्यात हुकूम निघंल."

महोदय, येथे अर्जदाराचा मार्ग सर्व बाजूंनी बंद झाला आहे. नियम पुरा झाला आहे. साक्षी खऱ्या आहेत. आईने ते शब्द खरोखर उच्चारले. अर्जदारावर तिच्याइतके प्रेम करणारे दुसरे कोणी नव्हते, आणि तिनेच मनापासून, शुद्धीवर असताना, चुकीचा मार्ग निवडून ठेवला आहे. अर्जदार त्याविरुद्ध बोलली तर मयत आईला खोटे पाडते. बोलली नाही तर पोटाला टाके पडतात. आईने अशी समजूत करून घेतली, कारण अर्जदाराने तिला दुसरे काही सांगितलेच नव्हते. ज्या शस्त्रक्रियेसाठी आईने मुंबईच्या दवाखान्यात महिनाभर फरशीवर झोपून काढला, ती नकोशी झाली आहे हे तिला कसे सांगावे, ते अर्जदारास कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

९. सबब विनंती अशी :

आईची इच्छा तिच्या लेकीच्या सुखाची होती. शस्त्रक्रियेचा प्रकार हा त्या इच्छेचा केवळ अंदाज होता, असे मानून साक्षीदारांच्या कथनाची अट रद्द करावी. पहिला प्रकार, म्हणजे आतडे मूळ जागी जोडणे, हा उपचार समजून रजा मंजूर व्हावी. वजन वाढल्यावर पात्रता तपासायचीच असेल तर ती ग्रंथालयात येऊन तपासावी. कोणते पुस्तक कोठे आहे हे अर्जदार डोळे मिटून सांगते. रजा देता येत नसेल तर बिनपगारी द्यावी. तीही देता येत नसेल तर नामंजुरीचे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवावे. शस्त्रक्रियेची तारीख ७ मे आहे आणि अर्जदार त्या दिवशी पुण्यातील रुग्णालयात असेल.

१०. मंडळाच्या नियमाप्रमाणे संमतीविरुद्ध जाणारे घोषणापत्र साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे लागते. अंगठा करणाऱ्यांना वाचता येत नसे, त्या काळातला हा नियम आहे. त्यानुसार अर्जदाराने आज मुख्याध्यापकांच्या खोलीत सगुणाबाई व सिराज यांच्यासमोर सोबतचे घोषणापत्र वाचले. मुख्याध्यापकांनी मध्येच सुचविले की, घोषणापत्र मंडळास उद्देशून असावे, मयत व्यक्तीस नव्हे. जिची संमती मागितली आहे तिलाच उत्तर देणे योग्य, असे अर्जदारास वाटल्याने मजकूर बदललेला नाही.

योग्य तो निर्णय ७ मेपूर्वी कळावा, एवढेच मागणे.

आपल्या मंडळाची सेविका,
(सही)
आबेदा बाबालाल तांबोळी
पौड, दि. १६ एप्रिल १९८४

सोबत : १) मृत्यूचा दाखला, दुसरी प्रत. २) पुण्यातील डॉक्टरांचे पत्र. ३) घोषणापत्र, खालीलप्रमाणे.

घोषणापत्र

अम्मा, तू सगुणामावशीला आणि सिराजला जे सांगितलंस ते माझ्या भल्यासाठी सांगितलंस, हे मला माहीत आहे. पण मला बारीक राहायचं नाही. मला तसं कधीच राहायचं नव्हतं. मला भूक लागते, अम्मा. दवाखान्यातल्या पहिल्या दिवसापासून रोज लागते. मी आतडं परत जोडून घेणार आहे. मग मी पोटभर जेवणार आहे. आणि तू माझ्यासमोर बसून पोटभर जेवायला हवी होतीस.