जोडताऱ्यावरची माझी पाळी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पदार्थविज्ञानाची निवृत्त शिक्षिका, राहणार याच घराचा वरचा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही; डॉक्टर वर्षभराचे बोलले आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. समोर वकीलसाहेब बसले आहेत आणि दर दोन ओळींनी घसा खाकरत आहेत, ते मी दडपण मानत नाही.

१. राहते घर, बँकेतील ठेवी आणि दागिने असतील-नसतील तेवढे माझ्या एकुलत्या मुलीला. घर विकायचे तर तिने खुशाल विकावे, पण गच्ची आणि गच्चीवरची खोली अजून तीन वर्षे हातची सोडू नये. कारण कलम चारमध्ये येईल. ड्रिल मशीन जावईबापूंना. ते कित्येक वर्षे त्यांच्याकडेच आहे, तेव्हा ताबा देण्याचा प्रश्न येत नाही.

२. शेजारच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी चोरांच्या भीतीने गच्चीवर मैदानात लावतात तसला दिवा लावून माझे निम्मे आकाश पुसून टाकले. त्यांना पत्र्याची एक टोपी. ती दिव्यावर बसवावी, म्हणजे उजेड खाली पडेल. चोर काही वरून येत नाहीत. वायरमनची मजुरी माझ्या पैशातून द्यावी.

३. दुर्बीण आणि तिचे मोजयंत्र माझ्या पूर्वीच्या पतीला. ते जमीन मोजणीदार होते. मोजयंत्रात कोळ्याच्या जाळ्याचे दोन धागे ताणलेले आहेत, ते त्यांनीच बसवले. आवराआवरीच्या भरात मुलीने त्यावर फडका फिरवू नये.

४. आता वकीलसाहेब जिला मिळकत मानायला तयार नाहीत ती मिळकत. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक जोडतारा. चतुःसीमा देता येत नाही. आज दिसतो तो त्याचा उजेड सतरा वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे. दोन्ही तारे लहान, लालसर, थंड. आजच्या अंदाजाने थोरल्याचे वजन सूर्याच्या पावपट, धाकट्याचे त्याहून कमी, आणि दोघांचा मिळून उजेड सूर्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. मधले अंतर सूर्य आणि शनी यांच्यात आहे त्याहून थोडे कमी. दोघे मधल्या एका रिकाम्या जागेभोवती फिरतात आणि अडतीस वर्षांत फेरा पुरा करतात. एकट्या ताऱ्याचे वजन असे सहजी करता येत नाही. जोडीदाराला तो किती ओढतो त्यावरून ते निघते, आणि त्यासाठी फेरा बघावा लागतो. आमची पस्तीस वर्षे बघून झाली. उरलेल्या तिनांत ते सर्वांत जवळ येतील आणि सर्वांत वेगाने वळतील. नेमका तोच तुकडा हुकला तर आमचा आकडा अंदाजच राहील.

५. दोन ताऱ्यांमधल्या अंतराचे हे माप मी आणि माझे पूर्वीचे पती, आम्ही नेहमी दोघांनी घेतले. माझे दर खेपेला जरा जास्त भरते, त्यांचे जरा कमी, आणि सरासरी बरोबर येते. एकट्या कोणाच्या मापावर भरवसा नाही. यावरून आम्ही संसारात पुष्कळ भांडलो, इतर गोष्टींवरूनही भांडलो. घटस्फोटात भांडी, पुस्तके, गाद्या वाटून झाल्यावर त्यांनी विचारले, “ताऱ्याचं काय?”

मी म्हटले, “त्याचं काय व्हायचंय? तू येत जा.”

ते येत राहिले. वर्षातून काही रात्री. आम्ही फारसे बोलत नाही. आकडे सांगतो, चहा पितो. त्या रात्रींची मी वर्षभर वाट पाहते. मी गेल्यावर जोडीला कोणी नसेल तर ते या घराची पायरी चढणार नाहीत, इतका भिडस्त माणूस आहे. म्हणून माझी पाळी कोणाला द्यावी या काळजीने मला झोप नाही. मुलीला विचारले तर ती म्हणाली, “आई, मला रात्री जागरण झेपत नाही.”

६. हे कलम आधी नव्हते. माझ्या पूर्वीच्या पतींची पत्नी दातांची डॉक्टर आहे. मी तिला आजवर मनात दातवाली म्हणत आले. दस्तात दंतवैद्यबाई लिहिते. ते वर मोजमाप करतात तेव्हा ती खाली गाडीत बसून असते. आजही ते वर दुर्बीण लावत आहेत आणि ती खाली होती. ठरलेला साक्षीदार आला नाही म्हणून वकीलसाहेब तिला गाडीतून बोलावून घेऊन आले. सही करण्याआधी तिने चष्मा लावून पाचही कलमे वाचली.

“ताई, पुढची पाळी कोणाची ते यात नाही,” ती म्हणाली.

“कोणी नाहीच तर लिहू काय?”

“मी येऊ? मला आकाशातलं काही कळत नाही. पण हात थरथरत नाही माझा.”

मी म्हटले, “कीड किती खोल गेलीय ते बघता ना? मग दोन ठिपक्यांमधलं अंतरही बघाल.” मी पेन खाली ठेवले. तिने पाण्याचा पेला पुढे केला. माझ्या मनात तिच्याविषयी इतकी वर्षे जे होते ते राहिले नाही.

“बाई, लाभार्थी साक्षीदार चालत नाही. काय ते एक ठरवा,” वकीलसाहेब म्हणाले.

ठरवले. माझी पाळी दंतवैद्यबाईंना. आणि ती आजपासून, कारण त्यांचे माप माझ्यापेक्षा किती हटते ते मी असतानाच कळायला हवे. मृत्युपत्र मृत्यूआधी लागू होत नाही असे वकीलसाहेब म्हणतात. मग या कलमाला त्यांनी निमंत्रण समजावे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे. खोडाखोड माझीच.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: आठ फेब्रुवारी, संध्याकाळ. आकाश स्वच्छ.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
१. (सही) औषध दुकानदार, तळमजला
२. दंतवैद्यबाई — खोडले. त्यांच्या जागी (सही) इस्त्रीवाले, समोरचे दुकान

ता. क. सह्या झाल्यावर वकीलसाहेबांनी आपली खुर्ची मोकळी करून द्यावी. वर दोनच आहेत आणि आम्ही तिघे आहोत.