ताईच्या वस्तू जागच्या न हलवण्याबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय अठ्ठावन्न, व्यवसाय संगणकाच्या पडद्यांची मांडणी करणे, आज पूर्ण शुद्धीवर असून माझ्यामागे काय कोणाकडे जावे हे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी बिघाड छातीत दाखवला. डोक्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, तो मी अनुकूल अभिप्राय समजतो. वकीलबाईंनी मसुद्यातली अवांतर वाक्ये लाल शाईने खोडली होती. ती मी पुन्हा घातली आहेत.

कलम पहिले. बँकेतली सगळी ठेव चिरंजीवाला. त्याबद्दल वाद नाही, म्हणून गोष्टही नाही.

कलम दुसरे. माझ्या एक्केचाळीस वह्या. पडदा आखण्याआधी मी लोकांच्या घरी, कचेऱ्यांत जाऊन बसत असे आणि ते आपापले कागद कुठे ठेवतात ते टिपत असे. एक शिंपी मापांच्या चिठ्ठ्या भिंतीवरच्या खिळ्यांना टोचून ठेवी. खिळा जितका दाराजवळ, तितके गिऱ्हाईक घाईचे. एका मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर सात ढीग होते. "पसारा दिसतोय ना? हात लावून तर बघा!" असे त्यांनी दरडावले होते, आणि मी लावला नव्हता. फार सुखाचे दिवस ते. परक्यांची टेबले, खिडकीतून येणारे दुपारचे ऊन आणि न मागता समोर येणारा चहा. या वह्या ज्याला माणसांचा पसारा वाचायला आवडतो अशा कोणालाही द्याव्यात. रद्दीवालाही चालेल, त्याच्याइतके वर्गीकरण कोणाला जमते?

कलम तिसरे, हेवेदावे. आमच्या कंपनीत एक प्रोग्रामर होते. प्रत्येक गोष्ट कप्प्यात, तो कप्पा दुसऱ्या कप्प्यात, म्हणून मी त्यांना कप्पेराव म्हणे. ते मला पंडित म्हणत. मी दवाखान्यांसाठी एक पडदा आखला, त्यात कागद ढिगाने ठेवता येत, जसे परिचारिका टेबलावर ठेवतात. कप्पेराव भर बैठकीत म्हणाले, "पंडित, ढिगाला पत्ता नसतो." संस्कृतात एक अख्खी विभक्ती केवळ जागेसाठी राखलेली आहे, असे मी त्यांना सुनावले. बैठकीवर त्याचा व्हायचा तोच परिणाम झाला. ढीग गेले, कप्पे आले, मी राजीनामा दिला. पुढे अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. हा दावा मी कोणाच्याही नावे करत नाही. तो संपला आहे. कसा, ते पुढे.

कलम चौथे, राहते घर. ताई, माझी थोरली बहीण, निवृत्त परिचारिका, या घरात राहते. चिरंजीवाची आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवले. दोन वर्षांपासून तिला नावे आठवत नाहीत, पण जागा आठवतात. वीजबिल घड्याळाखाली असेल, तर भरायचे आहे. गादीखाली असेल, तर भरले. कपाटाच्या माथ्यावर ती ज्याची भीती वाटते ते ठेवते. माझे रिपोर्ट सध्या तिथे आहेत.

गेल्या वर्षी ती पाय मोडून आठ दिवस इस्पितळात होती. तेवढ्यात मी, ज्याने आयुष्यभर परक्यांच्या ढिगाला बोट लावले नाही, तिची खोली आवरली. डबे केले, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. ताई कुबडी टेकत आत आली, पलंगाच्या कडेवर पाहुण्यासारखी बसली आणि म्हणाली, "छान आहे हो खोली. आता मला घरी सोडा."

मी अकरा वर्षांनी कप्पेरावांना फोन केला आणि ताईला आता फक्त जागाच आठवतात, हे आधी सांगितले.

"ताईची खोली आवरली मी."

"अकारविल्हे?" त्यांनी विचारले.

"हो."

"गाढवा," ते म्हणाले. "येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात हजर. मी ताईच्या मागे लागलो होतो, "हे कुठे असायचं? आठव ना जरा!" आणि ती रडकुंडीला आली होती. कप्पेरावांनी मला स्वयंपाकघरात पिटाळले. ते स्वतः काहीच विचारत नव्हते. एकेक वस्तू तिच्या हातात द्यायची आणि बाजूला व्हायचे, बस. तिचा हात आपला आपण निघायचा आणि वस्तू ठेवून परत यायचा. असे तीन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी ताई त्यांच्यावर खेकसली, "मधे काय उभे राहता खांबासारखे? सरका!" तेव्हा मला कळले, ती घरी आली.

सबब, ताईला या घरात तहहयात राहण्याचा हक्क असावा. तिच्यानंतर घर चिरंजीवाचे. तोवर ते विकू नये, रंगवू नये आणि मुख्य म्हणजे आवरू नये. चिरंजीव म्हणतो, "बाबा, आत्याला मी लख्ख नवा फ्लॅट घेतो, लिफ्टवाला." हे तो प्रेमाने म्हणतो, आणि मला त्याच्या प्रेमाचीच भीती आहे; मीही प्रेमानेच डबे केले होते. म्हणून या मृत्युपत्राचे व्यवस्थापक कप्पेराव. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "मला? अरे, मी कप्पेवाला माणूस."

"असशील. पण तीन दिवस तू गप्प बसलास. मला ते जमलं नाही."

कलम पाचवे. हे वकीलबाईंनी संदिग्ध ठरवले होते. ते राहू द्यावे. एक दिवस असा येईल, की वस्तू दिली तरी ताईचा हात कुठेच जाणार नाही. तो दिवस आला की नाही हे कप्पेरावांनी ठरवावे आणि चिरंजीवाने मानावे. त्या दिवसापासून कलम चौथ्यातल्या सगळ्या अटी संपल्या. घर विका, भिंती रंगवा, लिफ्ट घ्या. मी रागावणार नाही. फक्त तिचा तो हात तसाच अधांतरी ठेवू नये. कोणीतरी आपला द्यावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि दोघांच्या देखत त्यावर सही केली. ताई साक्षीदार व्हायला उत्साहाने तयार होती, परंतु जिला लाभ आहे तिची साक्ष नको, असे वकीलबाई म्हणाल्या.

सही: ताईचा भाऊ
साक्षीदार: १) शेजारचे चष्मेवाले, २) वरच्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाई
स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१९, शनिवार