तांब्याभर पाण्याची परीक्षा

कडा, २ डिसेंबर २०२५

चि. सौ. दीपमालास शहादेवमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू माझं बोलणं तोडतेस, म्हणून कागद घेतला. तुझ्या मामीच्या मणक्याचं ऑपरेशन नीट झालं, तू तिची सेवा करतेस, शंभर वर्षं जग. पण अठरा तारखेला तिला तुझ्या गाडीत घालून घरी आणायचं मनात आणू नकोस. धक्का लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि तुझ्या गाडीत धक्क्याशिवाय दुसरं काही न्हाई.

बाहेरून जीपचा रुबाब, आत स्प्रिंगा पेनातल्या. गेल्या महिन्यात तू आलीस, तेव्हा टायर लेचेपेचे दिसले. तू जेवेपर्यंत समोरच्या बजरंगच्या दुकानातून नळी ओढून मीच टणक हवा भरली. तरी आष्टीपर्यंत तुझ्यासोबत आलो तर एकेक खड्डा नाव सांगून भेटला. कवळी काढून खिशात ठेवावी लागली. मी जन्मभर कारखान्यावर उसाच्या टायरगाड्या नीट केल्या; बैलसुद्धा असल्या गाडीला हसतील. विकणारा सस्पेन्शन लई भारी म्हणाला आणि तू नंदीबैलासारखी मान डोलावलीस.

मी विजयसिंहाची मोठी गाडी मागतो. कारखान्याच्या निवडणुकीपासून नऊ वर्षं त्याचा उंबरा चढलो न्हाई, पण मामीच्या मणक्यापुढं माझा ताठा काय कामाचा.

माया आहेच, ती उतू जाऊ दे.
शहादेवमामा

बीड, ८ डिसेंबर

ती. मामांस दीपमालाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मामींना वाचून दाखवलं. टणक हवा ऐकताच त्यांनी मला थांबवलं आणि आधी टायर दाखवून ये म्हणाल्या. पंपावर काटा पंचावन्नवर गेला. दाराच्या कडेला कंपनीने तेहेतीस लिहिलंय. ही गाडी उसाला लावता का, असं पंपवाल्याने विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं नाही.

हवा उतरवली, लेकीच्या, आरोहीच्या मांडीवर भरला तांब्या दिला आणि बार्शी रोडला फिरून आलो. चार घोट सांडले. गाडी पाळणा नाही, हे मान्य. पण सीट आडवी करून, सावकाश न्या, असं डॉक्टर म्हणाले. मामींचा निरोप असा की, विजयसिंहाच्या दारात गेलात तर त्या बीडलाच राहतील.

लोभ असावा, थोडा गाडीवरही.
दीपमाला

कडा, १२ डिसेंबर

चि. सौ. दीपमालास आशीर्वाद.

चपला घालून विजयसिंहाकडं निघालो होतो, तेवढ्यात पोस्टमन आला. चपला काढल्या. दोन टन ऊस आणि दोन बायका यांतला फरक मला या वयात कळू नये, हे अडाणीपण माझं. मामीला सांग, हवा बजरंगनं भरली. ती मानणार न्हाई, तरी सांग.

पण पेनातल्या स्प्रिंगा पेनातल्याच. हवा उतरवून त्या जीपच्या होत न्हाईत. म्हणून फाट्यापासून दारापर्यंत दोन ट्रॉल्या मुरूम टाकला आणि बजरंगच्या सायकलवर मागं बसून, मांडीवर भरला तांब्या घेऊन आलो. पहिल्या खेपेला धोतर भिजलं. पुन्हा मुरूम. पाचव्या खेपेला थेंब सांडला न्हाई.

फाट्यापर्यंत तू सांभाळ. तिथून पुढं तुझ्या गाडीवर भरवसा न्हाई, म्हणून रस्ताच सपाट केलाय.

वाट बघतो.
शहादेवमामा