खोलगट बागेतील मातीच्या खांबाचे माप घेण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
नगर वर्धापन व इतिहास समिती,
नगरपालिका, दुसरा मजला
(जिना चढवत नाही, सबब अर्ज नातीच्या हाती)

विषय : खोलगट बागेतील मातीचा खांब यंत्राने पाडण्यापूर्वी त्याचे माप घेण्याबाबत.

संदर्भ : १) समितीची पुस्तिका, पृ. ३ ते ६. २) नियोजित कारंज्याचा फलक.

महोदय,

अर्जदार कालव्यावरचा निवृत्त पाटकरी असून वय वर्षे ब्याऐंशी. कालवा खणणाऱ्या पहिल्या टोळीत अर्जदाराने माती वाहिली आहे. तेव्हा इथे शहर नव्हते. ताडपत्रीचे चाळीस तंबू आणि सर्वांचे मिळून एक कुत्रे होते.

१. गतवर्षी आपले लेखनिक अर्जदाराच्या खोलीवर आले. अर्जदाराची जुनी रीत अशी, की आधी चार लोणकढ्या थापा माराव्यात, ऐकणारा नीट मांडी घालून बसला की मग खरे सांगावे. त्याप्रमाणे सांगितले, की खेचर बसले म्हणून वस्ती इथे झाली. मुकादमाच्या मिशीला ओळंबा बांधून भिंती उभ्या केल्या. पहिले पाणी साहेबांच्या धाकाने चढावर गेले. आणि बागेतल्या टेकाडावर उभे राहून मुख्य इंजिनिअरांनी "इथे शहर होईल" असे म्हटले. चारही आपण छापल्या. खेचराचे तर चित्रही दिले.

२. पाचवी गोष्ट खरी होती. ते टेकाड नाही. ही बाग म्हणजे कालव्याच्या भरावाला माती काढलेला खड्डा. खणताना अशा खड्ड्यात मातीचा एक खांब न खणता सोडत. किती खोल गेलो ते त्यावरून मोजले जाई. त्याला आम्ही साक्षीदार म्हणत असू. हा खांब अर्जदाराच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, खणताना सोडलेला. माप घेणारा संध्याकाळी यायचा होता. दुपारीच कड खचली आणि अक्कासह आठजण खाली गेले. पाणी सोडण्याची तारीख ठरलेली, पाहुणे निघालेले. "आता उकरत बसलो तर समारंभ राहील," असे मुकादम म्हणाला. आम्हाला कालव्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवले. परत आलो तेव्हा तिथे माती लोटून वर गवत लावले होते.

३. यावर लेखनिक वही मिटून म्हणाले, "आजोबा, एकाच खांबावर किती जणांना उभं करणार? आणि याला पुरावा काय?" महोदय, चार थापांना कोणी पुरावा मागितला नाही. अर्जदाराला खुर्ची दिली, शाल दिली, आणि त्याच हाताने केसाने गळा कापला. थाप अर्जदाराची, हे कबूल. पण ती अक्काच्या जागेवर शिक्का मारून आपण बसवलीत.

४. पुरावा उभा आहे. खांबाचा माथा शेजारच्या रस्त्याच्या बरोबर पातळीत आहे. पट्टी लावून पाहावी. टेकाड असते तर रस्त्याच्या वर गेले असते. त्याचा पाया मात्र बागेच्या गवताखाली अजून पुरुषभर खोल आहे, आणि तिथेच ती माणसे आहेत.

५. फलकानुसार सोमवारी कारंज्यासाठी यंत्र येणार आहे. यंत्राला माती आणि माणूस यांतला फरक कळत नाही. तरी तिथे हाताने खणावे. पुस्तिकेतले खेचर हवे तर राहू द्यावे, मुलांना आवडते.

अक्का म्हणायची, "माप झाल्याबिगर साक्षीदाराला हात लावायचा नाही रे, मग कोणी का सांगेना." बासष्ट वर्षे अर्जदाराने लावलेला नाही. तेव्हा यंत्राआधी माप घेणारा पाठवावा. अर्जदार सोमवारी सकाळी सातपासून खांबाला पाठ लावून बसलेला असेल. त्याला गोष्ट सांगायला लावू नये.

आपला नम्र, आणि या अर्जापुरता तरी खरा,

(सही)
पाटकरी, पहिले फाटक
(लोक थापाडे आजोबा म्हणतात तो)
शुक्रवार

सोबत : १) पुस्तिकेची प्रत, थापा लाल शाईने अधोरेखित.
२) आठ जणांची यादी. हिच्यात लाल शाई नाही.