चौथ्या भागातली आई

अण्णा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि मागच्या महिन्यात मी तुम्हाला पहिल्यांदा खोटं बोलताना पकडलं. हे टपालात टाकायचं पत्र नाही, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना, आणि सांगण्यासारखे तुम्हीच.

मी जालन्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवते आणि एका साप्ताहिकात मुलांच्या गेमची परीक्षणं लिहिते. गेम खेळायचा, कसा आहे ते सांगायचं, दहापैकी गुण द्यायचे. संपादकांनी फोनवर नव्या गेमचं नाव सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. तुम्ही मला सांगायचात तीच पुस्तकं! सात दारांचं राज्य, दर भागात एक दार उघडणारी मुलगी, चौथ्या दारामागे कोंडलेली तिची आई. आता ती जगभर खपतात म्हणे, म्हणून त्यांच्यावर गेम निघालेला. मी म्हणाले, "सर, हा मलाच द्या. लहानपणी सातही भाग वाचलेत."

तीन दारं मी हसत पार केली. जंगल, पूल, मिठाचा डोंगर, सगळं तुम्ही सांगितलं होतं तसंच. चौथ्या दारामागे आई सापडली. मुलीनं तिचा हात धरला, दोघी धावत सुटल्या, आणि उंबऱ्याशी आई थांबली. दार आतून कुणीतरी धरून ठेवलं तरच मुलगी सुटणार होती. पडद्यावर अक्षरं आली : दार लावण्यासाठी बटण दाबा. मी दाबलं नाही. मागे फिरून पाहिलं, भिंती चाचपल्या, पुन्हा सुरुवातीपासून खेळले. दुसरा रस्ताच नव्हता. शेवटी मी बटण दाबलं. दार लागलं आणि आतून आलेला आवाज ऐकून मी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर आपटले. क्लासमधल्या मुली माझ्याकडे बघत राहिल्या.

कारण मला तर पक्कं माहीत होतं, आई बाहेर येते. मी लहान आहे, परतूरच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही स्टोव्हसमोर पाटावर बसला आहात. माझी आई छातीच्या आजारानं औरंगाबादच्या दवाखान्यात आहे, मला तिथं न्यायची मनाई आहे. तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवून येता, वेड्यावाकड्या भाकरी थापता, आणि पिठाच्या डब्याला टेकवलेल्या इंग्रजी पुस्तकातून मला मराठीत गोष्ट सांगता. चौथ्या भागात आई दार लाथेनं उघडून बाहेर येते. पाचव्या दारावरच्या राक्षसाला ती आधी जेवायला बसवते. सहाव्या दाराशी मुलीची वेणी सैल झाली म्हणून लढाई थांबवते. मी विचारते, कुठे लिहिलंय हे, आणि पुस्तक ओढते. तुम्ही माझ्यावर कधी नव्हे ते ओरडता, "पुस्तकाला हात लावायचा नाही!" मला वाटलं, माझे हात खरकटे होते म्हणून.

परीक्षणात मी लिहिलं, गेमवाल्यांनी पुस्तकाचा खून केला आहे, ज्यांनी मूळ भाग वाचलेत त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. दहापैकी दोन. पंधरा दिवसांनी परभणीच्या एका कॉलेजातल्या मुलाचं पत्र आलं. दोनच ओळी. "मॅडम, चौथ्या भागात आई मरतेच. आपण पुस्तक वाचलं आहे का?"

मी औरंगाबादहून तो भाग विकत आणला आणि एसटी स्टँडवर उभ्या उभ्याच उघडला. दार. उंबरा. आत राहिलेली आई. पुढच्या भागांत तिचं नुसतं नाव येतं. माझी जालन्याची गाडी लागली, सुटली, मला कळलंही नाही. आई घरी परतल्यावर तुम्ही ते सातही भाग कुणाला तरी देऊन टाकले होते. का, ते मला तिथं कळलं.

दुसऱ्याच दिवशी मी परतूरला गेले. आई ओसरीत ज्वारी निवडत होती. मी विचारलं तर सुपातून नजर न काढता म्हणाली, "मंग? मरू द्यायची होती का तिला?"

"तुला माहीत होतं?"

"चौथा भाग वाचला त्या रविवारी दवाखान्यात पुस्तक पिशवीत घालून आल्ते. खाटेपाशी बसून मला मराठीत सांगितलं अन् मधीच थांबले. म्हणले, हे पोरीला कसं सांगू? मी म्हणलं, तिला बाहेर काढा. बिलकुल मरत न्हाई ती."

"अन् पुढचे तीन भाग?"

"पुढं काय, ते मलाच इचारायचे. दर रविवारी. मी खोकत खोकत सांगायची, हे वहीत लिहून न्यायचे." मग ती हसली. "राक्षसाला जेवू घातलं ते चांगलं जमलं होतं, न्हाई का?"

जिला दवाखान्याच्या दारातूनसुद्धा पाहू दिलं नव्हतं, ती दर आठवड्याला आपल्या स्वयंपाकघरात येत होती, आणि मी तिला इंग्रजी बाई समजत होते.

गेमचे गुण मी बदलले. गेम पुस्तकाशी प्रामाणिक आहे, चांगला आहे, दहापैकी आठ. सोबत खुलासा द्यावा लागला, तोही छापून आला : "ही पुस्तकं लहानपणी वाचली होती, आठवणीत चूक झाली." अण्णा, आठवणीत काहीच चूक झाली नव्हती. संपादकांना अजून हेच माहीत आहे, आणि त्यांना खरं सांगायचा माझा विचार नाही.