सर्जेरावांच्या सहीसाठी राखलेली जागा

मी, मुजफ्फर दाऊद शिकलगार, वय एकाहत्तर, राहणार बारामती, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवत आहे. रक्तात साखर आहे, गुडघे गेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. शंका आल्यास माझी पत्नी करिमा हिला विचारू नये; तिचे मत लग्नापासून वेगळे आहे.

१. राहते घर करिमाच्याच नावावर आहे, म्हणून तर ते वाचले. त्यात माझा हक्क ओसरीवरच्या खुर्चीपुरता. ती खुर्ची तिने हवी तर मोडीत काढावी.

२. बँकेतली शिल्लक करिमा, मुलगा सोहेल आणि मुलगी साजिया यांना शरियतप्रमाणे ज्याच्या त्याच्या हिश्श्याने मिळावी. भांडण झाले तर घरात करावे, कोर्टात जाऊ नये. आमच्या घराच्या वाट्याचे कोर्ट मी एकट्याने करून ठेवले आहे.

३. हे कलम लांबेल. निरवांगीचे सर्जेराव पोळ आणि मी, दोघांनी मिळून उसाच्या ट्रॉल्या बांधायची शेड टाकली होती. लोखंड ते कापत, जोड मी देत असे. हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्या नुसत्या शब्दावर देत गेलो आणि धंदा बुडाला. नादारीच्या अर्जावर सर्जेरावांनी मला न विचारता आधी सही केली. ते मला फार लागले. तेव्हापासून मी त्यांचा उंबरा चढलो नाही, त्यांनी माझा. शेड लिलावात गेली, प्रकरण मिटले.

मी मात्र ते पुन्हा उघडायला अर्ज करत राहिलो. कधी लिलावाची किंमत कमी आली म्हणून, कधी नोटीस उशिरा मिळाली म्हणून. दरवेळी अर्ज फेटाळला जाई. यातून काय मिळते, असे साजिया विचारायची. मिळत होते. भागीदार म्हणून सर्जेरावांनाही तारखेला यावे लागे. ते एसटीने येत, माझ्याच बाकावर दुसऱ्या टोकाला बसत आणि रुमालातल्या भाजक्या शेंगा मध्ये ठेवत. बोलणे नसे. शेंगा दोघेही खात असू.

शेवटी कोर्टाने हुकूम केला की तेच ते मुद्दे पुन्हा काढले जात आहेत, यापुढे आधी परवानगी घेतल्याशिवाय या इसमाचा अर्ज दाखल करून घेऊ नये. हुकूम बरोबर आहे, माझी तक्रार नाही. बाहेर आल्यावर सर्जेराव इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले, "मुजफ्फरभाई, आता तारीख न्हाय लागायची. मग आपली गाठ कुठं पडायची?"

त्यांची गाडी लागली होती, ते गेले. मला त्यांची फार आठवण येते, हे इथे स्पष्ट लिहितो.

४. माझी ऐरण सर्जेरावांना द्यावी.
(हे कलम खोडले आहे. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. आणि साक्षीदाराला सही करायला समोर हजर राहावे लागते. हे ऐकल्यावर मी ऐरण सोहेलला दिली.)

साक्षीदार:
१. आप्पासाहेब, शेजारी. हजर आहेत, दुसरा चहा चालू आहे.
२. सर्जेराव पोळ, राहणार निरवांगी. निरोप धाडला आहे.

ठिकाण: बारामती, माझी ओसरी.
दिनांक: सर्जेराव येतील तो.

सही आधी माझी, मग त्यांची. या खेपेला कायदाच तसा आहे.